ओळख राहूनच गेली

ड्रमवर नाव रंगवलेलं आहे : टेड लायन्स अँड हिज कब्ज. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये कथेनं अजून बस्तान बसवलेलं नसतं, तेवढ्यात एका नाइट क्लबात हा बँड सुरू होतो. डोळ्यांवर मुखवटे चढवलेली तरणीताठी मंडळी मान, खांदे, गुडघे असे काही झटकतात, की कुणाचा तरी सांधा निखळणार अशी धास्ती वाटावी. त्यांच्या पुढ्यात सोनेरी झगमगत्या पोशाखातली लक्ष्मी छाया. तिचं वय तेव्हा जेमतेम सतरा. माइकपाशी गाताना दिसतो तो हर्मन बेंजामिन, कानावर पडतो तो आवाज मोहम्मद रफींचा. गाण्याचं नाव ‘जान पहचान हो’.

मी ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरममध्ये राहतो. आमच्या गावात मराठी माणसांच्या बैठकीत गाण्याचा विषय निघाला, की तो हद्दू-हस्सू खाँपासून सुरू होतो आणि कृष्णराव शंकर पंडितांपाशी येऊन थांबतो. त्यापुढे काही बोललं, तर कुणीतरी पानाचा डबा पुढे सरकवतं आणि विषय संपतो. अशा गावात बसून नाइट क्लबातल्या गाण्याचा इतिहास लिहायचा म्हणजे सोवळं नेसून ऑम्लेट मागण्यातला प्रकार आहे. पण या गाण्यापर्यंत मला घेऊन आली ती वाट आमच्या गावातूनच जाते, हे आधी सांगतो.

‘गुमनाम’चे दिग्दर्शक राजा नवाथे. ‘आग’, ‘बरसात’, ‘आवारा’ या चित्रपटांना राज कपूरच्या हाताखाली राबल्यावर आर. के.च्याच ‘आह’नं १९५३ साली त्यांना स्वतंत्र दिग्दर्शक केलं. १९५६ साली त्यांनी ‘बसंत बहार’ काढला. संगीत शंकर-जयकिशन यांचं. त्यात भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांचा तो प्रसिद्ध सामना आहे. कथेची मागणी अशी, की नायकानं दरबारी गवयाला हरवायचं. नायकाचा आवाज मन्ना डे यांचा, तेव्हा हरायचं भीमसेनांनी. नुसत्या कल्पनेनंच आपली गाळण उडाली होती, हे मन्ना डे यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आणि हे भीमसेन म्हणजे १९३३ साली गदगचं घर सोडून गुरूच्या शोधात निघालेला तोच मुलगा, जो फिरत फिरत ग्वाल्हेरला आला आणि सरोदिये हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीनं इथल्या माधव संगीत विद्यालयात शिकला.

‘बसंत बहार’ आणि ‘गुमनाम’ यांच्यात नऊ वर्षं. दिग्दर्शक तोच, संगीतकार तेच, साज रचून घेणारे साहाय्यकही तेच. एकदा वसंत रागाची बंदिश आणि एकदा थरथरत्या विजेच्या गिटारीवरचा धिंगाणा. दोन्ही एकाच जोमानं आणि एकाच सफाईनं. ही सफाई कुठून आली आणि कुणाची होती, हा माझ्या लेखाचा विषय.

त्याआधी जरा लांब जाऊन यावं लागेल. पाश्चात्य संगीतात ज्याला ‘गॅरेज रॉक’ म्हणतात तो प्रकार आपल्याकडे नावानं फारसा रुळला नाही. आपल्या गल्लीत गॅरेज म्हणजे स्कूटर उघडून ठेवायची काळी, तेलकट जागा. अमेरिकेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला बऱ्याच घरांना मोटार ठेवायची खोली असे आणि मोटार बाहेर काढली, की पोरं तिथे गिटार आणि ड्रम घेऊन बसत. तीन कॉर्ड, तीन मिनिटं, ओरडून सुकलेला गळा. शिक्षण शून्य, हौस अफाट. अशी टोळकी गावोगाव होती आणि त्यांतल्या काहींची एखादीच रेकॉर्ड निघून ती अजरामर झाली.

त्यांच्यातलं सगळ्यांत गाजलेलं ध्वनिमुद्रण ६ एप्रिल १९६३ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला झालं. मंडळींचं नाव ‘द किंग्समेन’, गाणं ‘लुई लुई’. गाणं मुळात रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाचं, १९५७ साली निघालेलं. त्यानं पुढे पैशांच्या नडीपायी त्याचे हक्क ७५० डॉलरला विकून टाकले होते. किंग्समेनच्या या ध्वनिमुद्रणाचा खर्च सुमारे ५० डॉलर. माइक इतका उंच टांगलेला, की जॅक इलाय या गायकाला कोंबडा आरवताना करतो तशी मान वर करून ओरडावं लागलं. त्यात त्याच्या दातांना तारा लावलेल्या. गिटारचा तुकडा संपल्यावर तो चुकून आधीच गायला लागतो, चूक कळल्यावर थबकतो आणि ड्रमवाला धावून येऊन मधली पोकळी भरून काढतो. ही चूक रेकॉर्डवर तशीच आहे, कारण दुसऱ्यांदा गायला ना वेळ होता ना पैसा.

शब्द कुणालाच कळेनात. मग अमेरिकन पालकांना वाटलं, कळत नाहीत म्हणजे ते अश्लीलच असणार. तक्रारी गेल्या आणि एफबीआयनं खरोखर चौकशी लावली. दोन वर्षांहून जास्त काळ सरकारी माणसं ती तबकडी वेगवेगळ्या वेगांनी फिरवून ऐकत बसली आणि शेवटी निष्कर्ष निघाला, की कुठल्याही वेगावर यातलं अवाक्षर समजत नाही. गाण्यात होतं काय, तर एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या माणसाला आपल्या दूरदेशीच्या प्रेयसीबद्दल सांगतोय. चौकशीचे कागद वाचले तर आपल्याकडची सरकारी खाती उगाच बदनाम आहेत असं वाटायला लागतं.

पण यातली खरी गंमत पुढची आहे. रेकॉर्ड गाजायच्या आत इलाय बँडमधून बाहेर पडला. ड्रम वाजवणारा लिन ईस्टन पुढे येऊन गायक झाला आणि टीव्हीवर इलायच्या आवाजावर ओठ हलवू लागला. प्रकरण वकिलांकडे गेलं. १९६६ साली तडजोड झाली : ईस्टननं दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायचे नाहीत आणि पुढच्या तबकड्यांवर मुख्य आवाज जॅक इलायचा असं छापायचं.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या पार्श्वगायनाची आठवण होऊन हसू आलं. तिकडे ज्या गोष्टीवरून कोर्टकचेरीची वेळ आली, तो इकडे रोजचा धंदा होता. हर्मन बेंजामिन रफींच्या आवाजावर ओठ हलवतो यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण रफींचं नाव रेकॉर्डवर ठळक छापलेलं होतंच. गायकाची लढाई आपल्याकडे आधीच जिंकून झाली होती. राहिले ते वाजवणारे.

मुंबईत ही वाजवणारी माणसं कोण होती? गॅरेजातली पोरं तर नव्हतीच. बहुतेक चाळिशीकडे झुकलेले संसारी गृहस्थ, बरेचसे गोंयकार. पोर्तुगिजांच्या अमलात गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. शिकून पोटापाण्यासाठी ते मुंबईला येत, धोबी तलाव-गिरगावच्या बाजूला आपापल्या गावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहत आणि हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये वाजवत. १९४९ च्या कायद्यानं मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांचा हा धंदा बसला. चित्रपटांचे स्टुडिओ मात्र वाढत होते. मुंबई राज्य कोरडं करायला निघालेल्या मोरारजीभाईंनी हिंदी चित्रपटसंगीताला वादकांची केवढी फौज मिळवून दिली, याचा हिशोब त्यांच्या चरित्रांत कुणी मांडत नाही.

या फौजेचा पहिला मोठा उपयोग करून घेतला तो नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये त्यांनी हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांना, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखतं, आपल्या बँडसकट थेट पडद्यावर आणलं. म्हणजे तिथे दिसणारे आणि वाजवणारे एकच होते. मग १९५७ साली ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ आलं. त्याच्या तोंडातोंडी चालत आलेल्या कथेनुसार अंगणात खेळणाऱ्या पोरांची बडबड अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनीच, ऐकली आणि तिला पुढे कोकणी शेपूट जोडलं ते त्यांच्या गोवेकर साहाय्यकानं, जॉन गोम्सनं. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनीही ते गायलं. अमेरिकेत रॉक अँड रोलचा चित्रपट येऊन फार काळ लोटला नव्हता, तोवर आपल्याकडे त्याचं नगरी-गोवेकरी बाळ जन्माला आलं होतं.

शंकर-जयकिशन यांच्याकडे ही यंत्रणा आणखी मोठी आणि आणखी शिस्तीची झाली. शंकर मूळचा तबल्याचा, हैदराबादचा. जयकिशन हार्मोनियमवर बसणारा, गुजरातेतल्या वांसद्याचा. चाली त्यांच्या, पण त्या चालींना अंगडं-टोपडं चढवणारे दोघे : सेबॅस्टियन डिसूझा आणि दत्ताराम वाडकर. दोघेही गोव्याचे. सेबॅस्टियन फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. मुंबईला आल्यावर ते या जोडीचे साज-रचनाकार झाले. संगीतकारानं चाल गाऊन दाखवायची, सेबॅस्टियननी ती कागदावर उतरवायची आणि प्रत्येक वाद्यासाठी वेगळं नोटेशन लिहायचं. व्हायोलिनची रांग मुख्य चालीला पडद्याआडून उत्तर देत राहते, ही शंकर-जयकिशनची खास ओळख मानली जाते. तो हात सेबॅस्टियनचा. दत्तारामांकडे तालाचा सगळा संसार. ढोलकीवरचा त्यांचा एक ठेका इतका चालला, की वादकांत तो ‘दत्तू ठेका’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

या जोडीची बहुतेक गाणी ताडदेवच्या फेमस स्टुडिओत, मीनू कात्रक यांच्या हाताखाली ध्वनिमुद्रित होत. आजच्या मुलांना त्या कामाची रीत सांगितली तर खोटं वाटेल. वेगळे ट्रॅक नाहीत. आज गायकाचा आवाज घ्या, उद्या गिटार चढवा, परवा ड्रम, असली सोय नाही. एका हॉलमध्ये पन्नास-साठ वादक बसलेले, गायक बाजूच्या केबिनमध्ये आणि सगळ्यांचा एकत्र आवाज एकाच वेळी एकाच पट्टीवर उतरायचा. कोण जवळ, कोण लांब, हे खुर्च्या सरकवून ठरवायचं. ट्रम्पेट मागे, व्हायोलिन पुढे, ड्रमच्या भोवती आडोसा. रिहर्सल, मग मॉनिटर, मग टेक. चौथ्या मिनिटाला कुणाच्या व्हायोलिनची तार कुरकुरली, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि दोष कुणाचा हे साठ जणांना कळलेलं.

म्हणजे बघा, पोर्टलंडची पोरं आणि ताडदेवचे प्रौढ एकाच पद्धतीनं काम करत होते. सगळे एका खोलीत, एका दमात. पोर्टलंडला चूक झाली ती राहून गेली आणि तिचंच कौतुक झालं. ताडदेवला चूक राहूच द्यायची नव्हती. ‘जान पहचान हो’ ऐकताना मला जो धसका बसतो तो याचा. गिटारची ती तुटक, कापरी ओळ, तिच्यावर ड्रमचा मारा, मग ब्रासचे फटकारे, मध्ये सगळं थांबवून नुसता ड्रम, पुन्हा सगळ्यांनी एका क्षणी तुटून पडणं. सुमारे साडेपाच मिनिटं हा गोंधळ चालतो आणि त्यातला एकही ठोका सैल नाही. गॅरेजातल्या पोरांना जो रानटीपणा आपोआप येत होता, तो इथे लिहून काढलेला आहे, चष्मा लावून वाचलेला आहे आणि शिफ्ट संपली की व्हायोलिन पेटीत ठेवून लोकलनं घरी गेलेला आहे.

माझं मत विचाराल तर हा जास्त अवघड रानटीपणा आहे.

आणि रफी? उस्तादांकडे बसून शिकलेला, भजनात डोळे पाणावणारा आणि श्रीकांत ठाकरे यांच्याकडे मराठी गाताना ‘ळ’ आणि ‘ण’ घोटून घेणारा हा माणूस इथे गाण्याला चक्क धावायला लावतो. शब्द एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात, श्वास घ्यायची जागा दिसत नाही आणि तरी एक अक्षर गिळलेलं नाही. एफबीआयला ही तबकडी मिळाली असती तर चौकशी एका दुपारी आटोपली असती. याच गायकानं पुढे शंकर-जयकिशनच्याच चालींवर हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचे शब्द घेऊन दोन इंग्रजी गाणीही ध्वनिमुद्रित केली. ती मात्र ऐकवत नाहीत. रफींचा रॉक हिंदीतच खरा.

‘गुमनाम’बद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण हा चित्रपट मराठी माणसांनी जरा जास्तच भरलेला आहे. नायिका नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची लेक. विनोदाला मेहमूदच्या जोडीला आपले धुमाळ. निर्माते एन. एन. सिप्पी. कथा ॲगाथा ख्रिस्तीच्या त्या प्रसिद्ध कादंबरीवरून उचललेली, ज्यात एका निर्जन जागी अडकलेली माणसं एकेक करून मरतात. शीर्षकगीताची चाल हेन्री मॅन्सिनीच्या ‘शराड’ची आठवण करून देते, आठवण हा सौम्य शब्द झाला. त्याच वर्षी याच संगीतकारांनी ‘जानवर’मध्ये बीटल्सचं एक अख्खं गाणं शम्मी कपूरच्या तोंडी घातलं, तेव्हा उसनवारीबद्दल त्यांना संकोच होता असं म्हणता येत नाही. ‘जान पहचान हो’ मात्र अशा एखाद्या दुकानातून आणलेलं वाटत नाही. त्यात परदेशी गिटारच्या रेकॉर्डी आहेत, हॉटेलांतला जुना जॅझ आहे आणि गोव्याच्या लग्नातला ब्रास बँडही आहे.

क्लबातल्या या नाचानंतर सात जणांना परदेशी सहलीचं बक्षीस लागतं आणि त्यांचं विमान त्यांना भलत्याच ठिकाणी सोडून निघून जातं. त्यानंतर चित्रपटाला या गाण्याची गरज उरत नाही. हर्मन बेंजामिननं नाच बसवला, तोच पडद्यावर गायला आणि पुढे गेला. लोकांनी चित्रपट पाहिला आणि ओठांवर घेऊन गेले ते मेहमूदचं काळ्या-गोऱ्याचं गाणं. ‘जान पहचान हो’ला हक्काचं घर मिळालं नाही. तोवर आकाशवाणीचं सोवळं सुटलेलं होतं हे खरं. माहिती खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी, १९६२ साली पायउतार झाले होते. त्यांनी चित्रपटगीतं हद्दपार केली तेव्हा लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला आणि अमीन सयानी घराघरांत पोचले. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांचं मन आमच्या ग्वाल्हेरच्या बैठकीत अगदी रमलं असतं. पण १९६५ पर्यंत त्यांच्या धोरणाची धार गेली होती.

याच काळात मुंबईत आपली म्हणावीत अशी खरीखुरी गॅरेज पोरंही होतीच. कॉलेजांतली, इंग्रजी गाणारी. परदेशी गिटार आणायला आयात परवाना लागे, म्हणून देशी गिटार आणि घरी जोडलेले ॲम्प्लिफायर. एका सिगरेट कंपनीनं ‘सिमला बीट’ नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरवली आणि १९७० आणि १९७१ साली निवडक बँडांच्या दोन लाँग-प्ले तबकड्या काढल्या. परदेशातले संग्राहक आज त्यांना जपतात. मी त्या ऐकल्या आहेत. पोरांनी मनापासून वाजवलंय, पण बराचसा भाग पाठ केलेला वाटतो. इंग्रजीचा गृहपाठ चोख करून आणलेला. ताडदेवच्या काकालोकांनी यांना सहज मागे टाकलं होतं.

मग ‘गुमनाम’नंतर ३६ वर्षांनी भलतंच घडलं. तसं नव्वदच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हेवनली टेन स्टेम्स’ नावाच्या बँडनं ‘जान पहचान हो’ आपल्या परीनं वाजवलं होतं. पण २००१ साली टेरी झ्विगॉफचा ‘घोस्ट वर्ल्ड’ आला. त्याची सुरुवातच अशी : अमेरिकेतल्या एका कंटाळवाण्या वसाहतीत खिडक्यांमागून खिडक्या दिसतात, टीव्हीपुढे सुस्तावलेली माणसं दिसतात आणि एका खोलीत थोरा बर्च ही नटी पदवीदानाचा लाल झगा घालून टीव्हीवरच्या ‘गुमनाम’बरोबर बेभान नाचते. लक्ष्मी छाया मान झटकते, ही झटकते. झ्विगॉफ स्वतः ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचा वेडा माणूस. त्याच्या चित्रपटातला एक नायकही तसाच आहे. जगानं टाकून दिलेलं संगीत कचऱ्यातून उचलायचं आणि त्यात जीव अडकवायचा, हा त्या चित्रपटाचा जीव. अशा माणसाच्या हाती आपलं गाणं लागलं. २०११ साली एका डच बिअर कंपनीनं ते जाहिरातीत वापरलं आणि मग ते जगभर झालं. शब्द त्यातल्या बहुतेकांना कळत नाहीत. ‘लुई लुई’चेही कळत नव्हते.

लक्ष्मी छायाला या दुसऱ्या जन्मातलं थोडंच दिसलं असेल. १९७१ च्या ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये तिनं जी मुन्नीबाई केली तिला लोक विसरले नाहीत, पण नायिकेच्या खुर्चीवर तिला कुणी बसवलं नाही. २००४ साली, छप्पन्नाव्या वर्षी ती गेली.

आता पुन्हा त्या ड्रमकडे. पडद्यावर टेड लायन्सचं नाव आहे. रेकॉर्डवर रफींचं आणि शंकर-जयकिशनचं. श्रेयनामावलीत साहाय्यक म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन. हॉलमधल्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं नाव कुठेच छापायची चाल नव्हती. शंकर-जयकिशनच्याच १९६१ च्या ‘जंगली’त शम्मी कपूर बर्फावर लोळताना जी ‘याहू’ची आरोळी देतो, ती ना शम्मीची ना रफींची. ती दिली प्रयाग राज यांनी. त्या काळातली सगळ्यांत प्रसिद्ध आरोळी आणि तिचा मालक कित्येक वर्षं लोकांना ठाऊक नव्हता. व्हॅन शिप्ले किंवा हजारा सिंग यांच्यासारख्या गिटारवाल्यांची नावं लोकांना कळली ती त्यांच्या स्वतःच्या वादनाच्या रेकॉर्डी निघाल्या म्हणून. गाण्यामागे वाजवणाऱ्याला ती वाटही नव्हती.

नाव छापणं अशक्य होतं, असं मात्र नाही. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं काही दिवस ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण केलं. जागा लहान, भिंतींतून रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज आत येणारा. दोन ट्रॅकचं यंत्र कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून मुद्दाम आणलेलं. लंडनला ज्यांच्यासाठी दिवसरात्र स्टुडिओ उघडे ठेवले जात, त्यांच्यातला एक माणूस फोर्टात दुपारची वर्दळ कमी व्हायची वाट बघत बसला. याच मुक्कामात त्यानं ‘द इनर लाइट’ या गाण्याचं सगळं वादन करून घेतलं. लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत त्यावर आवाज चढवला आणि मार्चमध्ये ते बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं. वाजवणारे कोण? अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे नातू आशिष खाँ, हरिप्रसाद चौरसिया, महापुरुष मिश्र, रिजराम देसाद. त्या दिवसांत शिवकुमार शर्माही तिथे येऊन वाजवून गेले. यांतल्या कित्येकांची रोजची भाकरी मुंबईच्या याच चित्रपट स्टुडिओंत शिजत होती. त्या वर्षअखेरीस ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी आली तेव्हा वादकांची नावं तिच्यासोबत आली. परक्या मुलखातून आठवडाभरासाठी आलेल्या चोवीस वर्षांच्या पोराला जे सुचलं, ते आपल्या माणसांना वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

योगायोग असा, की त्याच १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा-जॅझ स्टाइल’ नावाची तबकडी काढली. अकरा राग आणि जॅझ. सतारीवर रईस खाँ. आणि या वेळी बाकीचीही नावं नोंदली गेली : सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाचेको, गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कास्ट्रो, ड्रमवर लेस्ली गोडिन्हो. फेमसच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं ज्यांच्या पाठी आपण ऐकत होतो, ते चेहरे एकदाचे वळून दिसले. ती तबकडी फारशी खपली नाही.

एक विनंती आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यांत जुन्या बंदिशींच्या वह्या निघाल्या, की आम्ही त्या कापडात गुंडाळून जपतो. तशाच वह्या धोबी तलावच्या, वांद्र्याच्या, म्हापशाच्या घरांतही असणार : कुठल्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत, कुणासाठी, कुठलं वाद्य, किती रुपये. आजोबा ‘पिक्चरमध्ये वाजवायचे’ एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांनी माळ्यावरची ती पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडावी. १९६५ ची पानं असतील, तर आधी ती वाचावीत.